वाचायला बसायची जागा

दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ नावाचं घर आहे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते बांधून घेतलं. कुटुंबाला राहायला घर हवंच होतं, पण या घराचा विचार करताना त्यांच्या मनात माणसांइतकीच पुस्तकं होती. त्याआधीची बरीच वर्षं परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत गेली होती, दोन खोल्यांत. परदेशातून पेट्या भरभरून आणलेली पुस्तकं त्या दोन खोल्यांत माणसांची जागा खात होती. म्हणून मग हे घर. तळाला कुटुंब, वर ग्रंथ आणि त्यांचं काम. त्याच वसाहतीत ‘चार मिनार’ नावाची दुसरी इमारतही त्यांनी बांधली होती. ती १९४१ साली विकून टाकली. राजगृह मात्र ठेवलं.

मी धनजचा. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातलं हे गाव. आमच्याकडची माणसं दरवर्षी ६ डिसेंबरला दादरला जातात. चैत्यभूमीचं दर्शन घेतात, राजगृहापुढे उभी राहतात आणि शिवाजी पार्कवरच्या स्टॉलांवरून पुस्तकं घेऊन परततात. दोन दिवसांचा शिळा डबा, रेल्वेतली गर्दी, आणि पिशवीत कपड्यांच्या वर नीट ठेवलेली पुस्तकं. पुस्तकं गावात अशी येतात. ती कुठे बसून वाचायची, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. राजगृहाकडे मी त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पाहतो.

राजगृह हे कायद्याच्या भाषेतलं सार्वजनिक वाचनालय नव्हतं, हे खरं. पण एखादी इमारत सार्वजनिक कशानं होते? तिथली पुस्तकं पुढे पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९४६ मध्ये सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाकडे गेली आणि गिरणगावातल्या, खेड्यापाड्यांतल्या पोरांच्या हाती लागली. ज्या घरातून अख्खा समाज वाचायला शिकला, त्याला मी वाचनालयच म्हणेन.

आणि हे घर उभं कुठे राहिलं, तेही पाहण्यासारखं आहे. तेव्हा दादर म्हणजे मुंबईचं उपनगर. १८९६च्या प्लेगनं मुंबईतल्या कोंदट, अंधाऱ्या वस्त्या उघड्या पाडल्या, त्यानंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याला रुंद रस्त्यांची, झाडांची आखीव वस्ती बसवायला सुरुवात झाली. या ट्रस्टचा एक नियम मला फार आवडतो. जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन धरून खिडकीवर उजेड यायला हवा, म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा मध्ये हवी. उजेड ही नशिबाची गोष्ट नसून मापून देण्याची गोष्ट आहे, असं एका सरकारी संस्थेनं कागदावर लिहून ठेवलं. रोगाच्या भीतीनं लिहिलं असेल. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग झालाच.

बाबासाहेबांना या उजेडाची किंमत लहानपणापासून कळलेली होती. परळच्या डबक चाळीत एका खोलीत सगळं घर. तिथंच चूल, तिथंच अंथरुणं. वडील सुभेदार रामजी जागत बसायचे आणि घर शांत झालं की पहाटे दोन वाजता मुलाला उठवायचे. बिनकाचेच्या मिणमिणत्या दिव्याखाली तो अभ्यास करायचा. दिवसा घरात जागा नाही म्हणून चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचायचा. त्या बागेतच विल्सन हायस्कूलच्या कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला पाहिलं. रोज येऊन पुस्तकात डोकं घालून बसणारा मुलगा कोण, याची चौकशी केली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारात त्यांनीच आपलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं आणि पुढे त्यांच्याच खटपटीनं बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती मिळाली. एका बाकड्यावर बसून वाचता आलं, कुणीतरी ते पाहिलं, म्हणून एवढं सगळं घडलं. वाचनालयाची इमारत मुळात एवढ्याचसाठी असते. तिच्यात वाचणारा माणूस बसू शकतो आणि दुसऱ्या माणसांना तो दिसतो.

पुढे तो मुलगा जगातल्या मोठमोठ्या वाचनालयांत बसला. १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, जिथलं मुख्य ग्रंथालय तेव्हा लो मेमोरियलच्या भव्य घुमटाखाली होतं. नंतर लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात. १८५७ साली उघडलेला हा कक्ष गोल आहे, व्यास १४० फूट. वरच्या घुमटाला उंच खिडक्या, मधोमध ग्रंथपालांची बैठक, आणि तिथून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या टेबलांच्या रांगा. कक्षाभोवती लोखंडी सांगाड्याची पुस्तकांची दालनं होती आणि त्यांच्या मजल्यांची जमीन जाळीची होती. कारण दिव्याची धास्ती. आग लागेल म्हणून गॅसचे दिवे आत आणायला बंदी, त्यामुळे छतातला उजेड जाळीतून गळत गळत तळापर्यंत पोचला तरच पुस्तक सापडणार. विजेचे दिवे येईपर्यंत दाट धुक्याच्या दिवशी वाचनकक्ष बंदच ठेवावा लागे.

इथं इमारत बांधणाऱ्याची खरी अडचण कळते. पुस्तकाला अंधार मानवतो, वाचणाऱ्याला उजेड लागतो. ऊन कागद पिवळा करतं, शाई उडवतं; दमट हवा बुरशी आणते; वाळवी आणि कसर जिथं हालचाल नाही तिथं मुक्काम करतात. पुस्तकाला हवी कोरडी, थंड, बंद जागा. माणसाला हवा खिडकीजवळचा कोपरा, वाऱ्याची झुळूक, उघडं दार. या दोघांना एका छपराखाली सुखानं नांदवणं म्हणजे ग्रंथालयाचं स्थापत्य. बाकी कमानी, नक्षी, मनोरे हे सगळं नंतरचं.

या दोन गरजांपैकी पहिलीचं, म्हणजे अंधाराचं शास्त्र कुठे पाहायचं असेल तर आम्हाला मुंबईला जायची गरज नाही. आमचं तालुक्याचं गाव कारंजा पुरेसं आहे. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून ते सर्वांना ठाऊक आहे. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा अशा चार वेशींचं हे जुनं व्यापारी गाव. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेनं इथली संपत्ती नेली, इतकं ते श्रीमंत होतं. पण कारंजाची एक श्रीमंती जागेवरच राहिली, कारण ती पोथ्यांची होती. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही दिगंबर जैन परंपरांची मंदिरं इथं आहेत आणि त्यांच्या आश्रयानं शतकानुशतकं हस्तलिखितं जपली गेली. काष्ठासंघाचं मंदिर लाकडी कोरीवकामासाठी ओळखलं जातं. त्या नक्षीपुढे माणूस थांबतो, पण मला जास्त नवल वाटतं ते भांडार या कल्पनेचं. जाड भिंती, थोडीच दारं. आत लाकडी पेटी, पेटीत वेष्टन, वेष्टनात दोन फळ्या, फळ्यांमध्ये पोथी. एकात एक अशी ही सगळी घरंच झाली, आणि सगळ्यांत आतलं घर हाताच्या तळव्याएवढ्या रुंदीचं. उन्हाळ्यात बाहेर पंचेचाळीस अंशांचा तडाखा असतो आणि पावसाळ्यात भिंतीला ओल येते. या चार थरांनी तो ताप आणि ती ओल पानापर्यंत पोचू दिली नाही.

तरी नुसता अंधार पुरत नाही हेही त्या लोकांना कळत होतं. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी असते. त्या दिवशी पोथ्या बाहेर काढायच्या, झटकायच्या, हवा दाखवायची, नवं वेष्टन घालायचं आणि पूजा करून परत ठेवायच्या. तिथी पाहा. मृगाच्या तोंडावरची. उन्हाळ्यातली कोरडी हवा असते तेव्हा, पाऊस पडायच्या आधी. विदर्भात राहणाऱ्याला यातलं शहाणपण समजावून सांगावं लागत नाही. आपण त्याच दिवसांत धान्याला ऊन देतो आणि पापड-कुरडया डब्यात भरतो. धर्माच्या घरात स्थापत्य आणि पंचांग असं एकमेकांच्या मदतीला येतं.

भांडारानं पोथी वाचवली, पण वाचकाला दार उघडायला विसावं शतक यावं लागलं. रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची केली. ती १९२६ साली नागपूरला छापली गेली आणि कारंजाचं नाव अपभ्रंश भाषेच्या अभ्यासकांमध्ये दूरवर पोचलं. पुष्पदंताचं ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये प. ल. वैद्यांनी संपादित केलं. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणाऱ्या प्रा. हिरालाल जैनांनी ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ असे ग्रंथ एकामागून एक आणले. ते प्रसिद्धही कारंजाहूनच झाले. दहाव्या शतकातला कवी पुष्पदंत हजार वर्षं अंधारात सुखरूप राहिला, आणि तो कळला मात्र पेटी उघडल्यावरच. भांडाराबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. पण गावाला आज जी इमारत हवी आहे ती भांडाराची नव्हे.

अंधार आणि उजेड यांची सुंदर सांगड मी ऐकली ती बडोद्याची. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे शेतकऱ्याचे पोर. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं. राजवाड्यातले स्वतःचे हजारो ग्रंथ मध्यवर्ती वाचनालयाला दिले. १९३१ मध्ये या वाचनालयाची मांडवीजवळची इमारत उभी राहिली. तिच्यातल्या पोलादी कपाटांच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे. वरचा उजेड काचेतून खालच्या मजल्यावर, तिथून आणखी खाली झिरपत जातो. पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचता येईल इतका उजेड मिळतो, आणि उन्हाची तिरीप मात्र पानावर पडत नाही. लंडनच्या लोखंडी जाळीचं हे अधिक नाजूक भावंड.

पण मला या काचेपेक्षाही बडोद्याची दुसरी गोष्ट मोलाची वाटते. सयाजीरावांनी खेड्यांना नुसती पुस्तकं पाठवली नाहीत. लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालयं तर गावोगाव गेलीच, शिवाय गावानं वाचनालयाची इमारत बांधायला वर्गणी जमवली तर तेवढीच रक्कम पंचायतीनं आणि तेवढीच सरकारनं घालावी, अशी सोय केली. पुस्तकांसाठी तिघांनी मिळून भिंती उभारायच्या. वाचनालय म्हणजे कपाट नव्हे, घर आहे, हे त्या राजाला समजलं होतं.

मुंबईत दारापाशी वेगळीच गोष्ट होती. टाउन हॉल १८३३ साली पुरा झाला. तीस पायऱ्या, वर डोरिक पद्धतीचे भक्कम खांब. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय तिथं. त्या पायऱ्या अतिशय देखण्या आहेत, पण १८४० मध्ये माणेकजी कर्सेटजी निवडून येईपर्यंत एकाही हिंदी माणसाला तिथं सभासदत्व नव्हतं. उंच जोतं आणि मोठे खांब माणसाला मान वर करायला लावतात. ज्याला आधीच खाली बघायला शिकवलेलं असतं त्याला ते परत पाठवतात. याच्या उलट काळाघोड्याचं डेव्हिड ससून वाचनालय. १८४७ मध्ये टांकसाळीतल्या आणि सरकारी गोदीतल्या कारागिरांनी आपल्यासाठी सुरू केलेली ही संस्था. १८७० मध्ये पुरी झालेली तिची इमारत मालाडच्या पिवळसर दगडाची, टोकदार कमानींची. सव्वा लाख रुपये खर्च आला, त्यातले साठ हजार ससूनशेटनी दिले. तिची खरी शान वरच्या व्हरांड्यात आहे. कमानींच्या खोल सावलीत लांब हातांच्या आरामखुर्च्या, खाली रस्त्याची वर्दळ, मागे बाग. ऊन कमानीतच अडतं, वारा आत येतो. आपल्या हवेत वाचनाची उत्तम जागा म्हणजे व्हरांडा, हे मी त्या इमारतीकडून शिकलो. आपल्या आज्यांना ते माहीत होतंच. दुपारी निवडणं-टिपणं ओसरीवर चालायचं, पोथीही ओसरीवरच वाचली जायची.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, मुंबईचं १८९८चं. सामान्य कारकून-मास्तरांनी वर्गण्या काढून ही संग्रहालयं उभी केली. मुंबईच्या संस्थेचं मुख्य घर आज दादर-नायगावला आहे, राजगृहापासून फार लांब नाही. तिच्याच जागेत शारदा चित्रपटगृह होतं. ग्रंथालयाच्या अंगणात सिनेमा ही कल्पना कुणाला खटकेल, मला ती चांगली वाटते. माणसं जिथं येतात तिथं पुस्तकं असावीत.

आता आमच्या धनजकडे येतो. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग पडले, अनुदानाची घडी बसली, आणि त्यामुळे गावोगावी वाचनालयं निघाली. हे काम मोठं आहे आणि ते करणाऱ्या ग्रंथपालांनी तुटपुंज्या मानधनावर आयुष्यं काढली आहेत. पण खेड्यातल्या वाचनालयाला बहुधा कुणाची तरी उरलेली खोली मिळते. कुणाच्या घराची पडवी, समाजमंदिराचा कोपरा, बुद्धविहाराची बाजूची खोली, पंचायतीच्या गोदामाला लागून असलेली जागा. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, आणि त्या खिडकीला नेमकं कपाट लावलेलं. दोन माणसं बसली की तिसऱ्यानं वर्तमानपत्र उभ्यानं वाचायचं. एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली दुपारी पाऊल ठेववत नाही. म्हणजे पुस्तकाला अंधारही धड मिळत नाही आणि वाचणाऱ्याला उजेडही नाही.

आमच्याकडच्या काळ्या मातीचाही यात हात आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर वरवरचा पाया घातलेली भिंत दोन-चार पावसाळ्यांत कोपऱ्यातून चिरते. त्या चिरेतून ओल येते आणि वाळवीही. कपाशी-तुरीला जी माती सोनं, ती इमारतीला वैरीण. मुरूम लागेपर्यंत पाया खोल नेला, जोतं उंच घेतलं, तर हे टळतं. हे काही अवघड ज्ञान नाही. गावातला प्रत्येक गवंडी ते सांगतो. वाचनालयाच्या वेळी मात्र त्याला कुणी विचारत नाही, कारण वाचनालय बांधलंच जात नाही. ते कुठेतरी ठेवलं जातं.

वाचणारा माणूस मात्र बदलला आहे. वर्तमानपत्र चाळायला येणारी वडीलधारी मंडळी अजून आहेत. पण आज सगळ्यांत जास्त गरज आहे ती पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, बँक, नर्सिंग अशा परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरापोरींना. पुस्तक त्यांच्याजवळ असतं, नाहीतर मोबाईलमध्ये असतं. त्यांना जागा हवी. एका मुलीनं मला सांगितलं, “घरी टीव्ही चालू रायते जी, पावनेरावने येतात. वाचाचं कुठी?” बारावी झालेली, हुशार मुलगी. डबक चाळीतल्या त्या मुलासाठी चर्नी रोडची बाग तरी होती. हिच्यासाठी गावात बाकडं कुठे आहे, जिथं ती संध्याकाळी सात वाजेपर्यंत निर्धास्त बसू शकेल? शहरातल्या अभ्यासिकांना महिन्याचे पैसे मोजावे लागतात, वर खोलीभाडं. मुलाला ते दिलं जातं. मुलीच्या वेळी घर विचारात पडतं.

म्हणून मला वाटतं, गावाच्या वाचनालयाचा नकाशा त्या मुलीला डोळ्यांपुढे ठेवून काढावा. इमारत मोठी नको. पाया मुरमापर्यंत, जोतं उंच, पण दाराला पायऱ्यांबरोबर उतारही, म्हणजे काठी टेकत येणारे आजोबा आणि चाकाच्या खुर्चीवरचा मुलगा दोघंही आत येतील. पुस्तकांची खोली पश्चिमेला नको, तिकडचं ऊन भिंत तापवतं. पुस्तकांच्या खोलीला बारीक झरोके आणि वाचायच्या खोलीला उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून वीतभर वर, म्हणजे वाळवीचा रस्ता दिसतो. समोर खोल ओसरी, तिच्यावर लांब बाकं. ओसरी रस्त्यावरून दिसली पाहिजे, म्हणजे मुलगी एकटी बसलेली असली तरी सुरक्षित राहील आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लहान पोरांना मोठी माणसं वाचताना दिसतील. छपरावर सौर दिव्यांची सोय, कारण आमच्याकडे लोडशेडिंग नेमकं परीक्षेच्या दिवसांत येतं. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि प्यायचं पाणी. एवढंच. यात कुठलीही चैन नाही, आणि यातली एकही गोष्ट वगळली तर इमारत अपुरी राहते.

पैशाचं विचाराल तर वाटा आहेत. ग्रामपंचायतीच्या निधीतून सभागृहं आणि कमानी होतात, तशी ही खोली होऊ शकते. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान राज्याच्या वाट्याबरोबर आपला वाटा घालून ग्रंथालयांच्या इमारतींना मदत करतं. बडोद्याचा तीन हिश्श्यांचा जुना हिशेबही आजही कुठल्याही गावाला जमण्याजोगा आहे.

धनजहून पुण्या-मुंबईला, नागपूरला, त्याही पलीकडे गेलेल्या माझ्या गावकऱ्यांनो, गावाच्या वेशीवर कमान बांधायची वर्गणी तुमच्याकडे मागितली जाईल तेव्हा एक वर्ष ती थांबवा. त्या पैशातून आधी ही खोली आणि ही ओसरी बांधूया. जागा गावाच्या मधोमध, सगळ्या वस्त्यांना सारखी जवळ पडेल अशी निवडा, आणि दाराची किल्ली त्या बारावी झालेल्या मुलीच्या हाती द्या.